अडतीस नावांत नसलेलं अक्षर

मी एक जुना खिळा आहे. पण मित्रांनो, लगेच हातोडी शोधायला धावू नका. भिंतीत ठोकून छत्री अडकवायचा खिळा मी नव्हे. पूर्वी छापखान्यात शिशाची सुटी अक्षरं एकेक करून जुळवायचे आणि त्यांना शाई लावून कागद छापायचे. त्या प्रत्येक अक्षराला खिळा म्हणत. मी मोठ्या ठशातला एक्स. दोन तिरक्या रेघा, एकमेकींना मधोमध कापणाऱ्या. तुम्ही मला फुली म्हणता. खुशाल म्हणा, मी त्याहून वाईट ऐकलेलं आहे.

माझा जन्म ओतशाळेतला. शिसं, थोडं कथील आणि थोडं अँटिमनी एकत्र वितळवून तो रस साच्यात ओतला आणि निवल्यावर मी बाहेर पडलो. माझ्याबरोबर ई जन्मले साठ, ए जन्मले चाळीस आणि एक्स फक्त दोन. त्यातला दुसरा पहिल्याच वर्षी जमिनीवर पडला, त्याच्या एका रेघेचं टोक उडालं आणि तो परत वितळायला गेला. तेव्हापासून मी एकटाच.

छापखान्यात आम्हा खिळ्यांना ठेवायला एक सपाट लाकडी पेटी असते आणि तिला कप्पे असतात. ज्या अक्षराला काम जास्त, त्याचा कप्पा मोठा आणि हाताजवळ. माझा कप्पा कडेला, कोपऱ्यात, काडेपेटीएवढा. शेजारी झेड राहायचा. आम्ही दोघं बिनकामाचे म्हणून ओळखले जायचो. टॅक्सीचा फलक असला, सर्कशीच्या एक्स्ट्रा खेळाची जाहिरात असली, तर मला बोलावणं यायचं. एरवी आमच्यावर धूळ बसायची आणि एच नि आर यांचा तोरा पाहत आम्ही बसायचो. त्यांना उसंत म्हणून नसायची.

वर्षातून एकदा मात्र मलाही भाव यायचा. नाताळ जवळ आला की दुकानदार जाहिराती घेऊन येत. ख्रिसमस हा शब्द जुळवायला नऊ खिळे लागतात आणि कागद तर वीतभर. मग जुळारी मला उचलायचा, माझ्यामागे एम, ए, एस लावायचा आणि नऊ खिळ्यांचं काम चौघांत भागायचं. एक्समस. मोज्यांची दुकानं, केकची दुकानं, खेळण्यांची दुकानं, सगळ्यांच्या माथ्यावर मी सर्वांत पुढे. वर्षानुवर्षं हे चाललं आणि कोणाची कधी काही हरकत नव्हती. हे लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण पुढे मला याचाच फार राग आला.

आता त्या जुळाऱ्याबद्दल सांगतो. अक्षरं जुळवणारा तो जुळारी. आमच्या जुळाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. सडपातळ, थोडा वाकलेला, नाकावर घसरणारा चष्मा, बोटांची टोकं कायमची काळी. पेटीकडे न बघता तो हात घालायचा आणि हवा तोच खिळा बोटांत यायचा. बोलणं कमी. बायको गेलेली, एक मुलगी, एवढंच त्याचं घर.

माझी खरी ओळख मला मास्तरच्या उस्तादानं करून दिली. उस्ताद म्हणजे ज्याच्या हाताखाली मास्तर हे काम शिकला तो म्हातारा. त्याचा जन्म प्रार्थनेची पुस्तकं जुळवण्यात गेला होता. एकदा नाताळाच्या जाहिरातीत मला बसवताना मास्तर म्हणाला, "उस्ताद, हा शॉर्टकट म्हणजे दुकानदारांचा आळस, नाही का?"

म्हातारा चिडला. म्हणाला, "आळस नाही रे बाबा. हे एक्स नव्हेच. हे ग्रीक अक्षर आहे, दिसतं एक्ससारखं. ख्रिस्ताचं नाव ग्रीकमध्ये लिही, पहिलं अक्षर हेच येतं. दुसरं येतं ते दिसायला पीसारखं, पण वाचायचं र."

मग त्यानं सांगितलं ते मी कान देऊन ऐकलं. फार पूर्वी पुस्तकं हातानं लिहीत, चामड्याच्या पानांवर. एका पुस्तकाला कित्येक जनावरांची कातडी लागायची, म्हणून जागा जपून वापरत. पण ख्रिस्ताचं नाव थोडक्यात लिहायचे ते केवळ जागा वाचवायला नाही. पवित्र नाव इतर शब्दांसारखं सरसकट लिहायचं नाही, त्याला वेगळं काढायचं, वर एक आडवी रेघ द्यायची, अशी ती रीत होती. आदरानं घातलेली खूण. जुन्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या माणसांच्या थडग्यांवरही ती दोन अक्षरं कोरली. पुढे दुसऱ्या देशांतल्या, दुसऱ्या भाषांतल्या लिहिणाऱ्यांनी सणाच्या नावात तेच पहिलं अक्षर ठेवलं आणि ते फिरत फिरत छापखान्यात आलं, माझ्या काडेपेटीएवढ्या कप्प्यात. त्या दिवशी मी झेडशी एक शब्द बोललो नाही. थोडी घमेंड चढली होती, कबूल करतो.

मास्तरची मुलगी दुपारी त्याचा डबा घेऊन यायची. उंच होती, दारातून येताना सवयीनं मान खाली घालायची. लहानपणापासून खिळ्यांत खेळल्यामुळे तिला उलटी अक्षरं सुलटी असल्यासारखी वाचता यायची. वडील जेवत तोवर ती माझ्या कोपऱ्यात बोट घालायची, मला काढायची आणि तळहातावर दाबून धरायची. कातडीवर माझा ठसा उठायचा. "बाबा, हा आळशी आहे तुमचा. याला काहीतरी काम द्या की," असं म्हणून हसायची. मला तिचा राग कधी आला नाही. पुढे ती मोठी झाली आणि शिवणकारखान्यात लागली. डबा आता मास्तर सकाळी स्वतःच आणू लागला.

तो कारखाना आमच्या गल्लीच्या टोकाला होता. तीन मजल्यांची इमारत, त्यावर मालकानं चौथा चढवलेला. तिसऱ्या मजल्यावर शिवणयंत्रं, चौथ्यावर कापडाचे गठ्ठे. डिसेंबर लागला त्या आठवड्यात जिन्याजवळच्या खांबाला तडा गेला. मुलींनी मुकादमाला दाखवला. मुकादम मालकाकडे गेला आणि परत येऊन म्हणाला, "गिलावा आहे तो. वर चला, नाताळचा माल जायचाय." त्या वर गेल्या. अकरा वाजता आमच्या पेटीतले सगळे खिळे जागच्या जागी उडाले. मला वाटलं यंत्र घसरलं. बाहेर पाहतो तो रस्ता दिसेना, नुसती पांढरी धूळ.

त्या दिवशी वरच्या दोन मजल्यांवर एकोणचाळीस जणी होत्या. मास्तरची मुलगी त्यातली एक.

दुसऱ्या दिवसापासून गेलेल्या मुलींची नावं येऊ लागली. ढिगारा उपसणाऱ्यांपैकी एक कारकून चिठ्ठी घेऊन यायचा, मास्तर ती नावं जुळवायचा आणि यादी छापून कारखान्याच्या फाटकावर लागायची. घरच्यांचं म्हणणं एकच होतं, अक्षर मोठं पाहिजे. म्हाताऱ्या आयांना गर्दीत मागे उभं राहूनही वाचता आलं पाहिजे. मोठा ठसा म्हणजे आमची पेटी. छापखान्यात मोठा ठसा दुसरा नव्हता.

एरवी काम छापून झालं की जुळवलेला मजकूर सोडतात, म्हणजे खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या कप्प्यात टाकतात. ही यादी सोडता येत नव्हती. रोज तिच्यात चार, पाच, सात नावं वाढायची आणि ती पुन्हा छापायची. लोखंडी चौकटीत नावं वाढत गेली आणि आमच्या पेटीत कप्पे रिकामे होत गेले. इतकी वर्षं ज्यांचा मी हेवा केला ते एच, आर, ई, एल, एकेक करून उठून गेले. मला कोणी उचललं नाही. एकाही नावात एक्स नव्हता. त्या वेळी मी प्रथमच बिनकामाचा असल्याबद्दल देवाचे आभार मानले.

मित्रांनो, आता मी जे सांगतो ते मास्तरनं कोणालाही सांगितलं नव्हतं. मी पेटीत होतो म्हणून मला दिसलं. चौथ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की एच संपत आले आहेत आणि आरही. त्याच्या मुलीच्या नावात दोन्ही होते. जुळवता जुळवता त्याचा हात थांबला. मग त्यानं एक एच बाजूला काढला, एक आर काढला, मग तिच्या नावातली बाकीची अक्षरं. नुसती बाजूला ठेवायची म्हणून काढली होती, पण बोटांना सवय. ती आपोआप ओळीत लागली. आपण काय जुळवलं हे पाहून त्यानं डोळे मिटले. मग दोरा गुंडाळून ती ओळ बांधली, कागदात घातली आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालून खणात अगदी मागे ठेवून दिली.

आठव्या दिवसापर्यंत अडतीस नावं झाली. आणि मग चिठ्ठ्या येणं थांबलं. उरली ती एकटी.

तुम्हाला वाटेल, अशा बापावर गल्ली माया करत असेल. सुरुवातीला केली. पण अडतीस घरांत माती देऊन झाली होती आणि एका घरात अजून दिवा तेवत होता. ते लोकांना सोसेना. कोणीतरी म्हणालं, ती आत नव्हतीच. कोणीतरी म्हणालं, कोणाबरोबर तरी गेली पळून, बापाला ठाऊक आहे, सांगत नाही. मास्तरनं ते ऐकलं आणि त्याला राग आला नाही. तो त्या अफवेला धरून बसला. पळून गेली असेल तर बरंच, असं म्हणणारा बाप मी तेव्हा पाहिला.

अशात नाताळच्या दहा दिवस आधी फादर छापखान्यात आले. नाताळच्या सकाळी दहा वाजता अडतीस जणींसाठी प्रार्थना ठेवली होती. तिची पत्रकं हवी होती. वरती मोठ्या ठशात सणाचं नाव, खाली लहान ठशात वेळ आणि जागा. मजकूर मालकीणबाईंच्या हातात देऊन ते गेले. मालकीणबाई म्हणजे छापखान्याच्या मालकीण. नवऱ्यामागे छापखाना चालवणाऱ्या, हिशेबी पण मनानं वाईट नव्हेत.

मास्तरनं पेटी पाहिली. एच नाही, आर नाही.

"बाई, ख्रिसमस पूर्ण होत नाही. खिळे नाहीत."

"यादीतले काढा की दोन. तासाभराचं काम आहे. छापून झालं की परत लावा."

"कोणाच्या नावातले काढू?"

"कोणाच्याही. असं काय करता मास्तर? यादी झाली आता पूर्ण. खरं म्हणजे सोडायलाच हवी, पेटी अडकून पडलीय."

मास्तर यादीकडे बघत उभा राहिला. यादी पूर्ण झाली म्हणावं तर मुलगी जिवंत होती. मग खुशाल सोडावी. पूर्ण नाही म्हणावं तर तिची जागा त्यात होती. त्याच्यानं दोन्ही म्हणवेना. शेवटी एवढंच म्हणाला, "मेलेल्या पोरीचं नाव मोडून मी सणाचं नाव जुळवणार नाही, बाई. दुसरा उपाय आहे."

आणि त्याचा हात माझ्या कोपऱ्याकडे आला. त्यानं मला चांगलं पुसलं, ओळीत अगदी पुढे उभं केलं. दुकानांच्या जाहिरातीत लावताना तो कधी थांबायचा नाही, त्या दिवशी थांबला. ओठ हलले. मला वाटतं त्याला उस्ताद आठवला असावा. मालकीणबाईंनी छापून आलेला पहिला कागद पाहिला, मान डोलावली आणि पत्रकं निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बायकापुरुषांचा घोळका उभा. पुढे इस्त्रीवाली. गल्लीतले कपडे इस्त्री करणारी ही बाई मास्तरच्या शेजारच्याच घरात राहायची. तिची मुलगी यादीत सातवी होती. तिच्या हातात पत्रक होतं आणि त्याचे दोन तुकडे झालेले होते.

"भाऊ, हे काय केलंत?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आमच्या लेकींसाठी देवाला बोलवायचं, तर देवाच्याच नावावर काट मारलीत?"

"काट नाही ती, ताई. ते ख्रिस्ताच्या नावाचं पहिलं अक्षर आहे. ग्रीक अक्षर."

"आम्हाला ग्रीक नका शिकवू. चुकलं की शाळेतले मास्तर माझ्या पोरीच्या वहीत हेच काढायचे. मला कळतं ते काय आहे."

मागून कोणीतरी म्हणालं, "याची कुठं मेलीय? याला काय वाटायचं!"

मास्तर एवढंच म्हणाला, "फादरना विचारा. त्यांना माहीत आहे."

आणि सगळे फादरकडे गेले. मित्रांनो, फादरना खरंच माहीत होतं. ग्रीक शिकल्याशिवाय त्या काळी कोणी फादर होत नसे. शिवाय सणासुदीला त्यांच्या गळ्यात जो रेशमी पट्टा असायचा त्याच्या दोन्ही टोकांना सोनेरी धाग्यानं मीच भरलेला होतो आणि माझ्या पोटातून उभा गेलेला तो पीसारखा. पण त्या घोळक्याचे चेहरे पाहून फादर घाबरले. गेले पंधरा दिवस हे चेहरे कारखान्याच्या मालकाच्या घराच्या फाटकासमोर उभे राहत होते आणि तो मालक चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. फादर म्हणाले, "सणाच्या तोंडावर वाद नको. आपण नवीन पत्रकं काढू." ते खोटं काहीच बोलले नाहीत. पण लोकांनी ऐकायचं ते ऐकलं.

त्या दिवशी पंधरा दिवसांत पहिल्यांदा कारखान्याच्या मालकाच्या फाटकासमोर कोणी नव्हतं. सगळे छापखान्यासमोर होते. तडा गेलेला खांब, वर चढवलेला मजला, "गिलावा आहे तो" म्हणणारा मुकादम, सगळं मागे पडलं आणि अडतीस घरांचं दुःख माझ्या दोन रेघांवर येऊन बसलं. तीच ती फुली दरवर्षी मोज्यांच्या दुकानावर यांनी वाचली होती. मला ओरडून सांगायचं होतं, पण खिळा कागदावर दाबल्याशिवाय बोलत नाही.

मालकीणबाई घाबरल्या. पहिला कागद आपणच पाहिला होता, हे त्या कोणापुढे बोलल्या नाहीत. "मास्तर, थोडे दिवस घरी बसा," त्या म्हणाल्या. "आणि ही फुली घेऊन जा. मला इथे नको." मास्तरनं मला खिशात टाकलं. खणातली डबी त्यानं नेली नाही. तिच्यातले खिळे छापखान्याचे होते आणि छापखान्याचा खिळा बाहेर नेणं म्हणजे त्याच्या लेखी चोरी होती. मला तर हाकललंच होतं. खण उघडून एकदा डबीला बोट लावलं आणि तो निघाला.

पेटीबाहेरचं घर मी प्रथमच पाहिलं. एक खोली, दोन खाटा. एकीवरची चादर ताणून घातलेली, तिच्यावर कोणी बसायचं नाही. मला त्यानं टेबलावर ठेवलं, तिच्या कंगव्याशेजारी. कंगव्यात दोन केस होते. आम्ही ते दिवस तसेच काढले.

नाताळच्या सकाळी तो चर्चमध्ये गेला, मी त्याच्या मुठीत. तो मागच्या भिंतीशी उभा राहिला. बायका वळून बघत आणि परत पुढे बघत. दारावर नवं पत्रक होतं, पूर्ण नऊ अक्षरांचं. फादर रेशमी पट्टा घालून आले आणि अडतीस नावं वाचू लागले. मास्तरनं मूठ उघडली. त्याच्या तळहातावर मी आणि समोर फादरच्या छातीवर मी, सोन्याचा. मास्तर एकदा तळहाताकडे, एकदा त्या पट्ट्याकडे बघत राहिला. वाचता वाचता फादरची नजर वर आली, त्या नजरेला मास्तरची नजर भिडली आणि सतराव्या नावावर फादर अडखळले. मग मान खाली घालून त्यांनी उरलेली नावं वाचली.

दोन दिवसांनी तिसऱ्या मजल्याच्या जिन्याखाली ती सापडली. जिन्याचं दार माल चोरीला जाऊ नये म्हणून बाहेरून कडी लावून ठेवलेलं असायचं. आणखी मी काही सांगणार नाही. कारकून चिठ्ठी घेऊन घरी आला तेव्हा मास्तरनं ती वाचली नाही, घडी घालून कंगव्याखाली ठेवली.

संध्याकाळ व्हायच्या आत दार वाजलं. मालकीणबाई होत्या आणि त्यांच्या मागे इस्त्रीवाली. मालकीणबाईंच्या हातात ती गोळ्यांची डबी होती.

झालं होतं ते असं. शेवटचं नाव घालून यादी पुन्हा छापायची होती. प्रत्येक घराला एकेक प्रत द्यायची असं ठरलं होतं, म्हणून इस्त्रीवाली छापखान्यात आली होती. मालकीणबाईंनी पहिला कागद काढून तिच्या हातात दिला. तिनं सातव्या ओळीवर बोट ठेवलं. तिच्या मुलीच्या नावात मधेच भोक होतं.

"माझ्या पोरीचं अक्षर कुठं गेलं?" तिनं विचारलं.

मालकीणबाईंना खरं सांगावं लागलं. नव्या पत्रकाचं ख्रिसमस पूर्ण करायला त्यांनी स्वतःच यादीतून दोन खिळे उपटले होते. तासाभराचं काम म्हणून. छापून झाल्यावर ते कुठेतरी पडले, दुसऱ्याच कप्प्यात गेले आणि परत लावायचे राहून गेले. त्या खिळे शोधायला लागल्या, खणात हात घातला, तेव्हा मागे डबी लागली. कागद उलगडला तर दोऱ्यानं बांधलेलं एक नाव, तयार.

इस्त्रीवाली खाली बसली, रिकाम्या खाटेवर नाही, जमिनीवर. "भाऊ, तुमच्याकडे दोन्ही अक्षरं होती," ती म्हणाली. "तेव्हाच दाखवलं का नाही?"

"दाखवलं असतं, तर ती मेली असं मीच सांगितल्यासारखं झालं असतं, ताई."

इस्त्रीवालीनं तोंडाला पदर लावला. मालकीणबाई म्हणाल्या, "मास्तर, मला नीट जुळवता येत नाही. तुम्ही या." मास्तर उठला. टेबलावरून त्यानं मला घेतलं.

छापखान्यात तो आधी सातव्या ओळीपाशी गेला. एक कप्पा, दुसरा कप्पा असं करत त्यानं हरवलेला एच झेडच्या कप्प्यातून शोधून काढला आणि इस्त्रीवालीच्या मुलीचं नाव नीट केलं. दुसरं मोडलेलं नावही नीट केलं. मग डबीतली ओळ उचलली, तशीच बांधलेली, आणि सगळ्यांत खाली ठेवली. ती नीट बसल्यावर दोरा सोडला. दोऱ्याची गाठ त्यानं दातानं सोडवली, कारण बोटांना ती सुटेना. आणि मग तिच्या नावापुढे त्यानं मला उभं केलं. दुसरं काही नाही, फक्त मी.

मालकीणबाई म्हणाल्या, "मास्तर, ही फुली..."

"राहू द्या," इस्त्रीवाली म्हणाली.

एवढ्यात फादर दारात आले होते. माती कधी द्यायची ते ठरवायला आले होते. चौकटीकडे बघून ते म्हणाले, "मास्तर, मला माहीत होतं."

"मला ठाऊक आहे, फादर," मास्तर म्हणाला. "ते तुमच्या गळ्यात होतं."

पुढच्या रविवारी फादरनी चर्चमध्ये सगळं सांगितलं. चामड्याची पानं, ग्रीक अक्षर, थडगी, सगळं. चांगलं सांगितलं म्हणतात. लोकांनी ऐकलं आणि घरी गेले. कारखान्याचा मालक त्या आधीच गाव सोडून गेला होता आणि दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर त्याचा कारखाना सुरू झाला होता. पंधरा दिवस त्याच्या फाटकासमोर जो राग उभा होता तो पुन्हा तिथे जमला नाही. शेवटची यादी मात्र पडलेल्या कारखान्याच्या फाटकावर लागली. एकोणचाळीस नावं आणि शेवटच्या नावापुढे मी. पाऊस येऊन कागद विरेपर्यंत ती तिथे होती आणि ती कोणी फाडली नाही.

मास्तरनं त्यानंतर एकही ओळ जुळवली नाही. वर्ष सरायच्या आत तोही गेला. छापखाना बंद पडला, यंत्रं मोडीत गेली, बारीक ठशाच्या पेट्या वितळायला गेल्या. ही एक चौकट मालकीणबाईंनी भंगारवाल्याला दिली नाही. त्यांच्या घरी जिन्याखाली फळीवर ती अजून तशीच आवळून ठेवलेली आहे. शाई वाळून आमच्या तोंडावर कडक झाली आहे. मी शेवटच्या ओळीत उभा आहे आणि माझ्या शेजारी आता झेड नाही, ती आहे.

मित्रांनो, मी काही फार शहाणा नाही. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. एखादी खूण कळली नाही तर ती करणाऱ्याला आधी विचारा आणि त्याचं उत्तर पुरतं ऐकून घ्या. आणि तुम्हाला जर ठाऊक असेल, तर गर्दी कितीही मोठी असो, त्याच दिवशी बोला. पुढच्या रविवारी बोललेलं ज्याच्यासाठी बोलायचं त्याच्या उपयोगी पडत नाही.

आणि कधी जुनं सामान हुडकत तुम्ही या जिन्याखाली आलात आणि शिशाच्या अक्षरांची ही जड चौकट हाताला लागली, तर ती सोडू नका. वरची धूळ फडक्यानं पुसा आणि परत ठेवा. कुठल्या चांगल्या कामासाठी एच किंवा आर हवा असेल, तरी आमच्याकडे मागू नका. ते अजून कामात आहेत.